चांगुणाकाकीची जागा

चांगुणाकाकी आमच्या ऑफिसात आली की सगळ्यात आधी खुर्ची फिरवायची. आमचं ऑफिस म्हणजे मच्छीमार सोसायटीचं. मालाडच्या पश्चिमेला, खाडी समुद्राला मिळते तिथल्या कोळीवाड्यात, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर. खिडकीतून अख्खा समुद्र दिसतो. बाहेरचे पाहुणे आले की त्या खिडकीपाशी उभे राहून फोटो काढून घेतात. काकी मात्र खिडकीकडे पाठ करून माझ्या टेबलासमोर बसायची, मांडीवर मासळीची रिकामी पाटी घ्यायची आणि म्हणायची, "तू बघ. मना सांग."

बघायचं काय, तर तिच्या बोटीचा पिवळा बावटा खाडीच्या तोंडाशी दिसतो का. बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस, तिचा एकुलता एक मुलगा महेश. बोट यायच्या दिवशी बाजार उरकून काकी जी यायची, ती बावटा दिसेपर्यंत हलायची नाही. मी कामातून मान वर करून सांगत राहायचे, "एक निळी दिसतेय. नाही, तुझी नाही." तिचे डोळे माझ्या तोंडावर खिळलेले. मी नुसती शिंकले तरी ती दचकायची. डिझेलच्या काउंटरवरची सुरेखा मला चिडवायची, "तुला पगार हिशेबाचा देतात की टेहळणीचा गं?"

बाजारात मात्र हीच काकी कुणाला भीक घालायची नाही. एखाद्या गिऱ्हाइकाने मासा ताजा आहे का म्हणून डोळ्यात बोट घातलं, की "घरी जाऊन सासूचे डोले बघ" म्हणून हाकलून द्यायची. पण आमचा जिना चढला की ती बाई अर्धी व्हायची. ती भ्यायची, आणि भिते हे सांगायची तिला लाज नव्हती. मी मालवणातून मुंबईला आलेल्या गिरणी कामगाराची मुलगी, समुद्र आमचाच अशा थाटात वाढलेली. एकदा मी म्हणाले, "काकी, काही होत नाही गं." ती म्हणाली, "तुमी मालवनी सुट्टीत त्याला पाय लावून येता. त्याच्या पोटात कोन हाय ते मना इचार."

त्याच्या पोटात तिचा नवरा होता, धर्माकाका. महेश शाळेत असताना, एका हिवाळ्यात, पहाटेच्या धुक्यात एक मोठं जहाज धर्माकाकांच्या बोटीवरून गेलं. जहाजावरच्या कुणाला कळलंही नसावं. दुसऱ्या बोटीला काही फळ्या सापडल्या आणि पाण्याचं एक पिंप. जहाज कुठलं, कुणाचं, ते कधीच कळलं नाही. समुद्रात कोण कुठून गेलं याची खबर तेव्हा कोळीवाड्यापर्यंत येतच नसे.

नवऱ्यामागे तिच्याकडे महेश राहिला आणि 'जागा' राहिली. जागा म्हणजे समुद्रातलं एक ठिकाण, काकीच्या सासऱ्याला सापडलेलं. दसऱ्यापासून थंडीपर्यंत तिथे सरंगा लागतो, आपण ज्याला पापलेट म्हणतो तो. प्रत्येक घराची अशी एखादी जागा असते. कोळीवाड्यात कुणाचं लग्न का मोडलं ते सगळ्यांना ठाऊक असतं, पण कुणाची जागा कुठे ते सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. काकीचा दीर जयवंत शेजारच्याच घरात राहायचा, आणि बापाने ती थोरल्यालाच सांगितल्यामुळे वर्षानुवर्षं त्याला त्या जागेचा पत्ता नव्हता.

म्हणून सरकारने बोटींवर तो पांढरा डबा बसवून दिला तेव्हा मोठी पंचाईत झाली. डब्यामुळे बोट कुठे आहे ते किनाऱ्यावर कळतं आणि संकटात बटण दाबलं की मदत मागता येते. सगळ्यांनी डब्याला हार घातला, नारळ फोडला, आणि खाडीबाहेर पडलं की तो बंद करायला सुरुवात केली. आपली बोट कुठे थांबते ते दुसऱ्याला दिसलं तर मग राहिलं काय? महेशला ही शिस्त काकीनेच लावली. निघताना तिच्या सूचना मला पाठ झाल्या होत्या: "देवाला नमस्कार कर, डबा बंद कर, मंग पुढं जा." आम्हा सगळ्यांना तो शहाणपणाच वाटत होता.

मग सरकारचं ते संकेतस्थळ सुरू झालं. मोठ्या जहाजांसाठी समुद्रात ठरावीक मार्ग आखायचा नवा नियम येऊ घातला होता. मसुदा जाहीर झाला, हरकती व सूचना मागवल्या, जनसुनावणीची तारीख लागली, आणि लोकांना नीट विचार करून बोलता यावं म्हणून जहाजांच्या आणि बोटींच्या हालचालींची सगळी माहिती सरकारने खुली केली. आमच्या चेअरमननी मला ते उघडायला सांगितलं. लाल रेषा मोठ्या जहाजांच्या, निळे ठिपके मासेमारी बोटींचे, आणि नियोजित मार्गाचा एक रुंद पिवळा पट्टा. आजचे ठिपकेसुद्धा थोड्या उशिराने दिसत होते. रोज खिडकीतून दिसणारा समुद्र असा आतून बघायला मिळाला म्हणून मला तर गंमतच वाटत होती.

काकी समोर बसली होती. तिने सुरेखाला चहा सांगायला खाली पाठवलं, दार लोटलं, आणि टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आली. आपल्या किनाऱ्याचा आकार तिला लगेच ओळखू आला. त्यावरून तिने बोट हळूहळू आत नेलं आणि एका ठिकाणी टेकवलं. तिचं बोट पिवळ्या पट्ट्याच्या बरोबर मधे होतं. आजूबाजूला पाणी कोरं पांढरं.

"हितं निला ठिपका का नाय?"

"डबा बंद असला की ठिपका येत नाही काकी. सगळेच बंद ठेवतात. म्हणून तिथे कुणी नसतंच असं दिसतंय."

"म्हनून रस्ता हितून?"

मी हो म्हणून मान हलवली. नकाशा मोठा केला. त्या पांढऱ्या पाण्यातून अलीकडच्या काही लाल रेषा आधीच गेलेल्या होत्या. नियम अजून व्हायचा होता, पण मोकळं दिसणारं पाणी जहाजवाल्यांनी वापरायला घेतलं होतं. आणि महेश त्या घडीला तिथेच होता. आदल्या दिवशी गेला होता, नमस्कार करून, डबा बंद करून.

काकीने माझं मनगट धरलं. तिची बोटं बर्फात ठेवल्यासारखी गार होती. मोबाईल तिथे लागत नाही. वायरलेस होता, पण वायरलेसवरचं बोलणं सगळ्या बोटी ऐकतात. 'डबा चालू कर' म्हटलं की कारण सांगावं लागणार, आणि चालू झाला की जागा उघड. मी वायरलेस हातात घेऊन विचारलं, "बोलू?" तिने मनगट आणखी घट्ट धरलं. मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "थांब." थोड्या वेळाने परत म्हणाली, "थांब गो बाय, मना समजत नाय." मी इतकी घाबरलेली बाई आजवर पाहिली नाही. मुलगा आणि जागा यांपैकी एक उचल असं कुणी तिला सांगितलं असतं तर तिने क्षणात उचललं असतं. पण इथे जहाज येईल की येणार नाही तेही माहीत नव्हतं, आणि सासऱ्यापासून जपलेलं एका वाक्यात जाणार होतं. ऑफिस बंद व्हायची वेळ झाली तरी आम्ही तशाच बसून होतो. शेवटी मी वायरलेस जागेवर ठेवला आणि ती जिन्याच्या कठड्याला धरून उतरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बावटा दिसला. मी ओरडलेच. काकी धावत खाली गेली, तिच्यामागे मी. महेश हसत उतरला. जाळं मात्र अर्धं तुटलेलं होतं.

"काय झालं रे?"

"काय नाय आये, एक मोठी बोट गेली बाजूनं. जालं घेऊन गेली. टेन्शन नको घेऊ, झकास आहे मी."

काकीने त्याला वर ऑफिसात आणून चहा दिला. कप बशीवर वाजत होता. त्याने दोन्ही हातांनी धरला तरी वाजत होता. ती त्या कपाकडे बघत राहिली.

त्या संध्याकाळी त्यांच्या घरात भांडण झालं. मी तुटलेल्या जाळ्याच्या भरपाईचा अर्ज भरायला गेले होते, तेव्हा माझ्यासमोरच झालं. काकी म्हणाली, सुनावणीत जागा दाखवायची. महेश उसळला. "वेडी झाली काय तू? जागा गेली तर आपली वाट लागेल. बोट विकावी लागेल."

"विकू," काकी म्हणाली. "बोट विकू. तुला कुठून विकत आनू?"

जनसुनावणी अंधेरीला एका सरकारी सभागृहात होती. आमची माणसं बस करून गेली. घोषणा झाल्या, 'आमच्या पोटावर पाय' झालं, चेअरमननी निवेदन वाचलं. अधिकारी बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. भल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही तिथे नसता असं मी म्हणत नाही. पण आमच्याकडे जे आलं तेच नकाशावर आहे. तुम्ही कुठे असता ते दाखवा, आम्ही त्याची नोंद घेतो. म्हणूनच तर हे सगळं खुलं केलंय."

भिंतीवर नकाशा मोठा दिसत होता. घोषणा देणारे सगळे गप्प झाले. जो तो शेजाऱ्याकडे बघत होता. कुणाची जागा कुठे ते ज्याला त्याला ठाऊक, आणि तोंड उघडायला कुणीच तयार नाही.  मला वाटलं, आता बाई पुढचा विषय घेणार आणि संपलं सगळं.

काकी उठली. माझा हात धरूनच उठली, त्यामुळे मलाही उठावं लागलं.  जयवंत पुढच्या रांगेत होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "वैनी, खाली बस." ती थांबली. मला वाटलं बसते. मग तिने माझा हात सोडला, भिंतीपाशी गेली आणि तळवा टेकवला. बोट नव्हे, अख्खा तळवा.

"हितं," ती म्हणाली. "माझा सासरा हितं यायचा. माझा मालक हितंच गेला. माझा पोर हितं असतो. आमीच डबा बंद करतो, मीच सांगितला त्याला बंद करायला. मना भ्याव वाटतं बाई. हा रस्ता हितून नको."

तिचा आवाज बाजारातला नव्हता, माडीवरचा होता.  मग मागून एक म्हातारे नाखवा, म्हणजे बोटमालक, उठले आणि त्यांनी आपली जागा दाखवली. त्यांच्यामागून दुसरे आले. जयवंत सगळ्यात शेवटी उठला. त्याची जागा नकाशावर काकीच्या जागेपासून बोटभर अंतरावर निघाली. इतकी वर्षं दोन्ही घरं एकमेकांपासून तेच लपवत होती. काकीला हसू आलं आणि त्याच हसण्यात ती रडायला लागली.

नियम झाला तेव्हा पिवळा पट्टा बाहेर सरकलेला होता. पुरता नाही, आमच्या माणसांच्या जागांची एक कड अजून त्यात आहे. आणि महेशला जी भीती होती ती खरी ठरली. पुढच्या दसऱ्याला काकीच्या जागेवर इतरांच्या बोटी होत्या. महेशची बोट अर्धी रिकामी आली. वाड्यातल्या बायका काकीला ऐकू जाईल असं बोलायच्या. मी तिला विचारलं, वाईट वाटतं का. "रिकामी आली," ती म्हणाली, "पन आली ना?" खुर्ची मात्र ती तशीच फिरवून बसायची. फक्त आता आधी विचारायची, "डबा चालू हाय ना? बघ."

काकी गेल्या पावसाळ्यात गेली, मासेमारी बंद असताना, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असताना. वर्षातले तेवढेच दिवस तिला झोप लागायची. झोपेतच गेली. महेश शेजारच्या खोलीत होता. असं मरण तिने मागून घेतलं असतं तरी यापेक्षा वेगळं मागितलं नसतं. मला खूप रडू आलं, आणि लपवत कशाला, थोडं हलकंही वाटलं. वाटलं, आता ती रोजची धास्ती तरी संपली.

परवा सकाळी समुद्रावर धुकं होतं. खिडकीतून काहीच दिसत नव्हतं. मी संकेतस्थळ उघडलं. महेशचा निळा ठिपका पट्ट्याच्या कडेला होता आणि पट्ट्यातून एक लाल रेषा त्याच्याकडे येत होती. वायरलेसवर नुसती खरखर. पट्ट्यातलं जहाज पट्ट्यातूनच जाणार, तो ठिपकाही मघाचा, हे सगळं मला कळतं. तरी माझे हात गार पडले. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी काकीच्या खुर्चीत होते, खिडकीकडे पाठ आणि समोर कॉम्प्युटरची मागची बाजू.

"सुरेखा," मी म्हणाले, "तू बघ. मला सांग."

ती चिडवायला तोंड उघडणार होती, पण माझ्याकडे बघून उठली. माझ्या जागेवर बसली आणि स्क्रीनवर डोळे लावून म्हणाली, "अजून तिथेच आहे गं. थांब, सांगते."