नलूवहिनींचं मत

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझी साखर, माझे राग, माझ्या थापा, सगळं ठाऊक आहे. हे मात्र नाही. सांगायला बसलो की दरवेळी दुसरंच काहीतरी बोलत राहतो आणि मग जेवायची वेळ होते. आजही थोडं फिरूनच यावं लागेल मला. चालेल ना?

मी कुवेतमध्ये तीस वर्षं काढली. राहायला महबूलाला, नोकरी अहमदीला, तेलाच्या कामांचे ठेके घेणाऱ्या एका कंपनीत. नाशिकहून मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन गेलो होतो, पण पहिल्याच वर्षी ऑफिसच्या टेबलाशी बसवलं आणि तिथून काही उठलो नाही. लोकांचे इकामे म्हणजे तिथे राहायचे परवाने, सुट्ट्यांची तिकिटं आणि टपाल. तिथे घरी पोस्टमन येत नाही. ज्याचं त्याचं पत्र कंपनीच्या पोस्टाच्या पेटीत येतं, आणि त्या पेटीची किल्ली माझ्याकडे. कोणाच्या घरून पत्रं यायची थांबली आहेत, हे त्या माणसाच्या आधी मला कळायचं. मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू?

इराकचं युद्ध सुरू झालं आणि आमच्याकडे अमेरिकन इंजिनियर वाढले. २००४ साली त्यांच्या देशात अध्यक्षपदाची निवडणूक आली. परदेशात असलेल्या त्यांच्या माणसांना टपालाने मत देता येतं — सैनिकांना त्यांच्या कॅम्पमधून आणि आमच्याकडच्या नागरिकांना आमच्या पेटीतून. मॅनेजरने ते काम माझ्या गळ्यात घातलं. कॅम्पवरून एक कॅप्टन बाई आली, तासभर बसून मला सगळं शिकवून गेली. आधी अर्ज, मग मतपत्रिका, मग आतलं पाकीट, बाहेरचं पाकीट, त्यावर सही आणि तारीख. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. मी त्यांचा तक्ता करून भिंतीवर लावला. चार-पाच जण तर मतपत्रिका घेऊन माझ्याच टेबलाशी येत आणि शाळेतल्या मुलांसारखे विचारत, इथे सही करू का? मी हे काम फार मन लावून केलं. ते आधी सांगतो, कारण पुढचं अजाणतेपणी झालं असं तुम्हाला वाटायला नको.

माझं स्वतःचं मत? ते नव्हतंच. परदेशातल्या भारतीयाला तेव्हा मत नव्हतं. त्याच वर्षी धाकट्या भावाने फोनवर सहज सांगितलं होतं, यादीवाले घरी आले होते, तुझं नाव कापून गेले. मी बरं म्हटलं. दोन दिवस जेवण गेलं नाही, एवढं मात्र आठवतं. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण म्हणून पुरणारंही नाही.

आता प्रभाकर. आम्ही डिप्लोमाला एका बाकावर होतो. माझ्या जर्नलवरून त्याने उतरवून काढलेलं आहे, आणि मी त्याच्या डब्यातलं खाल्लेलं आहे. तो अमेरिकेला गेला, मी कुवेतला. पंचवीस वर्षांनी तो आमच्याच कंपनीत आला तो अमेरिकन पासपोर्ट घेऊन. वेगळी केबिन, वेगळा बंगला, वेगळी गाडी. डिप्लोमा तोच हो. पण आखातात माणसाचं वजन पासपोर्टवर करतात. घरी मी त्याला पभ्या म्हणे, ऑफिसात सर. तो मला दोन्हीकडे माधवच म्हणायचा. त्याचा यात काय दोष होता?

आणि नलूवहिनी. त्याची बायको. तेव्हा आपल्याकडे मताचं वय एकवीस होतं; त्या एकविशीच्या आतच लग्न होऊन अमेरिकेला गेल्या, म्हणून भारतात कधी मत दिलं नाही. तिकडे वीस वर्षं भारतीय पासपोर्ट सोडवला नाही, म्हणून तिथेही नाही. मग मुलगा, निखिल, सैन्यात भरती झाला. तेव्हा त्या जाऊन नागरिक झाल्या. मला एकदा म्हणाल्या होत्या, "भाऊजी, ज्यांनी त्याला इराकला धाडलं, त्यांना मला एकदा तरी उत्तर द्यायचंय. मग ते कसंही असो." त्या कुवेतला आल्या त्याही मुलासाठीच. तो कुवेतमधल्या कॅम्पमधून पुढे इराकला जाताना दोन तास भेटला होता. त्या दोन तासांत त्याने काय काय खाल्लं, ते आमच्या महबूलाच्या बायकांना पाठ झालं होतं.

तो दिवस सांगायला हवा. रमजान चालू होता, ऑफिस लवकर सुटे, आणि अमेरिकेची कुरियरची पिशवी दुपारी एकला निघे. सकाळी प्रभाकर आला, आपलं पाकीट माझ्या टेबलावर टाकलं आणि मराठीत म्हणाला, "तुझं बरं आहे रे माधव. तुला या मतांच्या भानगडीच नाहीत." आणि हसला. मीही हसलो. शेजारी मल्याळी टायपिस्ट बसली होती, तिला काहीच कळलं नाही. त्याला तरी कुठे कळलं होतं? पण माझ्या कानशिलात जाळ झाला. पाकीट नीट पिशवीत ठेवलं, नोंद केली.

बारा वाजता वहिनी आल्या. स्वतः, टॅक्सीने. मतपत्रिका भरायला त्यांनी तीन दिवस घेतले होते. आयुष्यभर मराठीत सही केलेली बाई. अर्जावरच्या इंग्रजी सहीशी जुळायला हवी म्हणून वाण्याच्या बिलामागे सराव करून आल्या होत्या. ते बिलही मला दाखवलं. मी पाकीट तपासलं. सही, तारीख, चिकटवलेली कड — काही म्हणजे काही चुकलं नव्हतं. जाताना दारातून वळून विचारलं, "पोचेल ना हो?" मी म्हटलं, "तुमचं नाही पोचणार तर कोणाचं?"

आणि त्या गेल्यावर मी ते पाकीट खणात ठेवलं.

पिशवी टेबलापासून चार पावलांवर होती. मंदूब — म्हणजे आमच्याकडचा बाहेरची कामं करणारा माणूस — एकला येऊन ती घेऊन गेला. मी बघत होतो. मनाशी म्हटलं, पुढच्या पिशवीत टाकू. पुढची पिशवी गेली. त्याच्या पुढचीही गेली. दरवेळी मी खण उघडला, पाहिलं आणि बंद केला. विसरलो असतो तर किती बरं झालं असतं. भिंतीवर माझ्याच हाताने लिहिलेल्या तक्त्यात त्यांच्या राज्याची शेवटची तारीख होती, ती माझ्या डोळ्यांसमोरून गेली.

मला काय हवं होतं? हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. प्रभाकरचा राग होता, तर प्रभाकरचं पाकीट अडवायचं होतं. पण तो फोन करून चौकशी करणारा माणूस, लगेच पकडला गेलो असतो. ज्याच्यावर राग होता त्याचं मत व्यवस्थित गेलं. जिने विश्वास टाकला तिचं राहिलं. भेकडाचा राग असाच चालतो, त्याला सोपा माणूस लागतो.

मधे वहिनींचा फोन आला. मी म्हटलं, "कधीच गेलं वहिनी, तुम्ही निर्धास्त राहा." निकाल लागला, त्यांना हवा तसा लागला की नाही, मी विचारलं नाही. त्याच आठवड्यात मी ते पाकीट ऑफिसच्या कागद कापायच्या मशीनमध्ये घातलं. आत काय आहे ते उघडून पाहिलं नाही. यात मोठेपणा काही नाही, भीती होती.

तुम्ही म्हणाल, एका मताने काय होतं. मीही हेच म्हणत आलो, कित्येक वर्षं. निखिल सुखरूप परतला, तेव्हा तर अगदी सुटल्यासारखं झालं. चला, काही बिघडलं नाही. वहिनी भेटल्या की चहा करायच्या, माझ्या मुलीचा अभ्यास विचारायच्या. मुलगी इंग्रजीत उत्तर द्यायची, त्या मराठीतच पुढचं विचारायच्या. सांगायची संधी मला शंभर वेळा मिळाली. मी चहा प्यायलो.

२००७ च्या उन्हाळ्यात त्यांचं पोटाचं दुखणं निघालं. चार महिन्यांत त्या गेल्या. अध्यक्षाची पुढची निवडणूक अजून वर्षभर लांब होती.

महबूलाला एका मित्राच्या हॉलमध्ये आम्ही सगळे मराठी लोक जमलो होतो. प्रभाकर उभा राहिला. त्याला भाषण करता येत नाही, कॉलेजातही येत नव्हतं. संसाराचं, निखिलचं काहीबाही बोलला. मग म्हणाला, "नलूने जन्मात एकच मत दिलं, तेही इथून. निखिल तिकडे होता ना. शेवटी दवाखान्यात असताना नर्सला सांगायची — मुलगा लढत होता तेव्हा मी काही नुसती बसून नव्हते." गर्दीत मला शोधलं आणि म्हणाला, "ते या माधवमुळे झालं. तो नसता तर तिचं ते राहूनच गेलं असतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. निखिलही होता, त्याने हात जोडले. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं, नाहीतर निदान गप्प तरी राहायचं होतं.

मी म्हटलं, "माझं कसलं त्यात. मी फक्त पाकीट टाकलं."

लोकांना तो माझा विनय वाटला.