रुमालाखालचा हात

दोन हजार तेवीस साल. माझं वय चौऱ्याहत्तर. पोरगा म्हणाला, "आबा, तुमच्याच्यानं आता होत नाय. गाय विका." म्हणून गाय घेऊन बेल्ह्याच्या गुरांच्या बाजारात उभा राहिलो.

एक मिशाळ व्यापारी आला. नाव मी विचारलं नाही. त्यानं आधी गाईच्या पाठीवर हात ठेवला, मग मला रामराम केला. मी म्हणालो, "टीव्हीवरचा तो गोरा ढोरांचा डॉक्टर असंच करतो."

"त्यो व्हय? मी बी बघतो की राव! चिखलात आडवा पडून वासरू वढतो!"

आमच्यात ती मालिका लागली की सून तोंड वाकडं करते. जुनंच दाखवतात, म्हणते. दाखवू देत. दहादा बघितलं तरी गाय नीट विते का, म्हणून माझा जीव वरखाली होतो. तिच्या मालिकांत नुसत्या साड्या.

व्यापाऱ्यानं हातावर रुमाल टाकला आणि त्याखाली माझी बोटं दाबून भाव सांगितला. भाव चांगला होता. तेवढ्यात म्हणाला, "मी माझा गोठा मोडला, पावणं. आता घरी गाय बघायची ती टीव्हीतच."

मी हात काढून घेतला.

"कमी पडलं का?"

"लई झालं. पण माझी गाय माझ्याच दारात दिसंल."

तो मोठ्यानं हसला, गाईला थोपटून पुढं गेला. गाय परत आलेली बघून पोरगा पाय आपटत घरात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात दात घासत होता. मी शेणाची पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि मुद्दाम त्याच्या समोरून उकिरड्यावर नेली.