तीच ओळ पुन्हा

आमच्या होस्टेलवर येमेनचा सालेम राहतो. आवाज मोठा यावा म्हणून तो मोबाईल स्टीलच्या पेल्यात उभा करून अरबी गाणी ऐकतो. रविवारी पडद्यावर एक म्हातारा गायक ऊद नावाचं तंतुवाद्य छातीशी धरून गात होता. तीच ओळ पाचव्यांदा आली तेव्हा मी विचारलं, "मोबाईल अडकला का रे?"

सालेम हसला. "वेडा आहेस. लोक मागतात, तो देतो. नीट ऐक."

ऐकलं. दर वेळी ओळ थोडी वेगळीच वळत होती.

"कोळ्याचा मुलगा हा," सालेम सांगू लागला. "शाळा सुटली, लग्नांत वाजवून शिकला. मग स्वतःच्या चाली केल्या, त्या देशोदेशी गेल्या. आता आवाज थकलाय. तरी कुणी 'परत' म्हटलं की खूश होतो."

नाटकातला वन्समोअर मला ठाऊक होता. पण परत मागण्यात देणाऱ्याचा मान असतो, हे कधी सुचलं नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. एकदा सांगून कळलं नाही तर आपली जागा इथे नाही, असं वाटायचं. संख्याशास्त्राच्या तासाला नुसती मान हलवत राहिलो आणि नापास झालो. पुन्हा तसंच झालं तर कॉलेज सोडायचं, असं मनाशी ठरवलंही होतं.

सोमवारी त्याच तासाला हात वर केला. "मॅडम, परत सांगाल का?"

"बरं झालं विचारलंस," म्हणत त्यांनी फळा पुसला आणि दुसरं उदाहरण घेतलं. शेजारच्या तिघांनीही वह्या उघडल्या.

त्या गायकाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. त्याचे उपकार मात्र रोज आठवतात. ते गणित त्या दिवशी अर्धंच कळलं. उरलेल्या अर्ध्यासाठी मंगळवारी पुन्हा हात वर केला.