डास वर चढत नाही

पळीवाल्याची सारी हयात साचलेल्या पाण्यात वाकून बघण्यात गेली. हिवताप खात्यातला हा कामगार लांब दांड्याची पळी घेऊन गल्लोगल्ली फिरे, टाकीतलं पाणी उचली आणि एका नजरेत सांगे: अळी तिरकी लटकलीय, म्हणजे साधा डास, पाण्याशी आडवी पडलीय, म्हणजे हिवतापाचा. या कामात त्याचा हात धरणारं खात्यात कोणी नव्हतं, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्याची फेरी टेकडीच्या पायथ्याशी संपे. वरच्या वस्तीत गारठा असा, की हा डास तिथे तग धरत नसे. तीस वर्षांत वर एकही रुग्ण निघाला नव्हता. म्हणून तर लेकीला दिवस गेल्यावर त्याने हट्टाने तिला वर खोली बघून दिली. चढ फार आहे, असं जावई कुरकुरला. याने त्याला उडवून लावलं.

गेली काही वर्षं मात्र वर कुणाचे स्वेटर पेटीतून निघत नव्हते. उकाड्याने झरा आटला, तशी माणसं उघड्या हौदांत पाणी साठवू लागली. पोरीला थंडी बाधणार नाही, एवढंच सुख पळीवाल्याला वाटलं. त्या हौदांत पळी बुडवावी, हे त्याच्या मनातही आलं नाही.

सातव्या महिन्यात लेकीला हुडहुडी भरून ताप आला. रक्त तपासायचं का, असं जावयाने फोनवर विचारलं.

"वर डास चढत नाही," पळीवाला म्हणाला. "थकलीय ती. झोपू दे."

चौथ्या दिवशी तिला इस्पितळात आणलं, तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. ती वाचली. बाळ पोटातच गेलं.

पळीवाला तडक वर गेला आणि तिच्या दारातल्या हौदात त्याने पळी घातली. अळ्या आडव्या पडल्या होत्या, पळीभर. आपल्याच हाताने पोरीला इथे आणून सोडलं, या विचाराने त्याला स्वतःची किळस आली.

लेक शुद्धीवर आली, त्या संध्याकाळी तो तिच्या खाटेशी उभा राहिला. चूक माझी, एवढंच कसंबसं बोलला. लेकीने भिंतीकडचं तोंड वळवलं नाही.

"शेजारणीला सहावा लागलाय," ती म्हणाली. "माझी शुद्ध जायच्या आधी तिलाही ताप चढला होता. डास वर चढत नाही, या तुमच्या शब्दाच्या भरवशावर तीही नुसती झोपून असेल, बाबा. जा."