फळ तुमचं, बी आमचं
पिकलेल्या सीताफळाचा वास आला की मला पदराची एक गाठ आठवते. वडवणीजवळच्या आमच्या बागेत गिऱ्हाईक स्वतःच फळं तोडायचं आणि आई प्रत्येकाला बजावायची, “फळ तुमचं, बी आमचं.” बिया वाटून केलेलं पाणी ती किडीसाठी झाडांवर फवारायची, दुकानातलं औषध बागेत कधी आलं नाही. लोक हसून मान हलवायचे आणि बिया वाटेतच थुंकून टाकायचे. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर ऊसतोडीला निघालेली एक बाई ट्रॅक्टर थांबवून उतरली. तिनं डोळे उघडलेली, म्हणजे पिकायला आलेली फळं चाचपून तोडली आणि ती ओटीत भरून गेली. गुढीपाडव्याच्या सुमाराला ती परतली ती घराआधी आमच्याकडंच आली आणि तिनं पदराची गाठ सोडली. आत काळ्याभोर बिया होत्या. “लई दिवस झालं, पर एक बी टाकली न्हाई,” ती म्हणाली. आईनं त्या वाटल्या नाहीत, बांधावर लावल्या. आता बाग मी बघते. बांधावरची फळं फक्त ऊसतोडीला निघालेल्या बायांसाठी ठेवते. त्यांना बियांचं काही सांगत नाही. पाडव्याला गाठी येतात.