बांधाच्या आतलं खारं पाणी

धाकट्या जावेच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ती म्हणाली, "बाय, त्याच्या आधी एकदा धबधब्यावर जाऊ. नंतर कोन नेतंय मला?"

राईतून खाडीच्या कडेने गेलं की डोंगराच्या घळीत तो धबधबा आहे. नव्या नवऱ्या होतो तेव्हा आम्ही दोघी मिठागरात कामाला जायचो. पावसाळ्यात मिठाचं काम बंद असलं की तिथे अंघोळीला जायचो.

माझा मुलगा नको म्हणाला असता, म्हणून त्याला सांगितलंच नाही. दिवस अमावस्येचा होता. जावेने विचारलं, "आज उधान हाय ना?"

"असू दे. आपन खाडीच्या बांधाच्या आतून जातोय. आत पानी येत न्हाय."

धबधबा तसाच होता. ती गुडघा धारेखाली धरून बसली. "येवढाच होता गो? तेव्हा केवढा वाटायचा."

"तेव्हा सासूपासून सुटका व्हायची, म्हणून."

परत येताना जुन्या मिठागरात पाय भिजले. पावसाचं साचलंय म्हणून मी पुढे निघाले. पाणी पोटरीपर्यंत आलं, आणि मग दिसलं की ते वाहतंय. बोट बुडवून चाटलं. खारट.

माझा विश्वास बसेना. पुन्हा चाटलं. पुढे पाहिलं तर बांधाला ट्रक जाईल एवढं खिंडार, आणि खाडी सरळ आत येत होती.

दर वैशाखात घरटी एक माणूस त्या बांधावर चिखल चढवायचा. माझा नवराही जायचा. मिठागर बंद झालं, तसा चिखलही बंद झाला. मीठ बंद झाल्याचं मला ठाऊक होतं. बांध नुसता चिखलाचा आहे, हे कधी डोक्यात आलंच नव्हतं.

जावेचा पाय रुतला आणि ती आडवी पडली. तोंड पाण्याखाली गेलं. मी तिला अंबाड्याला धरून ओढलं. वाफ्यांत पाणी सोडायच्या जुन्या उघाडीची दगडी भिंत जवळच होती. त्या भिंतीवर तिला ढकललं, मग मी चढले. पाणी आमच्या तळव्यांना लागलं आणि तिथेच थांबलं.

"ऑपरेशन वाचलं असतं बघ," ती खोकत म्हणाली.

मी ज्या वाफ्यात मीठ ओढायचे, त्यावरून बोय माशांचा थवा चालला होता. मी बघतच राहिले.

ओहोटी लागली, चिखल उघडा पडला. जाऊ पाण्याबरोबर वाहून आलेली एक काठी घेऊन खाली उतरली. मी भिंतीवरच थांबले. कुठे घट्ट आहे, कुठे नाही, मला काहीच सांगता येईना.

तिने काठीने चिखल चाचपला, हात पुढे केला आणि दरडावलं, "उतर. मी टाकते तिथंच पाय टाक. तुझं काय ऐकायचं न्हाय आता."

मी ती म्हणेल तिथे पाय टाकत घरी आले.