माझी गोधडी होळीत गेली

मैत्रिणींनो, अजून डोकं शांत होत नाहीये.

आज सकाळी विदेशी कापडाच्या होळीसाठी स्वयंसेवक दारात आले. मी माझं विलायती लुगडं आनंदाने पेटीतून काढून दिलं. मग त्यांची नजर ओटीवरच्या गोधडीवर गेली.

फाटकी शिडं, जुनी धोतरं, छत्रीचं कापड जोडून मी तिच्यावर मांडवीचं बंदर उभं केलं होतं. वर्ष गेलं त्यात. फक्त समुद्राला विलायती कापडाचे तुकडे लावले होते.

"थांबा, तेवढे उसवून देते," मी म्हटलं.

"वैनी, चिंध्यांसाठी कशाला अडवताय त्यांना?" म्हणत धाकट्या दिराने अख्खी गोधडीच उचलून दिली.

जयजयकार करत सगळे गेले.

देशासाठी मागितली असती, तर मीच दिली असती हो! पण चिंध्या म्हणून नेली.

तुमच्या हातच्या कामाला घरात काय म्हणतात?